रस्त्याच्या नावातली तारीख : लाइपझिगचं युद्धस्मारक आणि शेजारचं रशियन चर्च

चिंचपान

मी राहते त्या रस्त्याचं नाव '१८ ऑक्टोबर रस्ता' असं आहे. गेल्या वर्षी इथे आल्यावर पहिला आठवडा नुसते फॉर्म भरण्यात गेला. प्रत्येक ठिकाणी पत्त्याच्या रकान्यात तारीख लिहिल्यासारखं वाटायचं. फोनवर आईला पत्ता सांगितला तर ती म्हणाली, "जन्मतारीख कुणी विचारली? पत्ता सांग की!"

लाइपझिगमधली विद्यार्थ्यांची बरीच वसतिगृहं या रस्त्यावर आहेत. पूर्व जर्मनीच्या काळातल्या उंच, एकाच साच्यातून काढलेल्या इमारती. आमच्या मजल्यावरच्या सामायिक स्वयंपाकघराच्या खिडकीतून लांबवर झाडांच्या वर एक काळपट ढिगारा दिसतो. पहिले काही दिवस मी त्याला पाण्याची जुनी टाकी समजत होते. पोळ्या लाटताना रोज समोर. मग एकदा सहज त्याचा पत्ता शोधला तर निघालं: १८ ऑक्टोबर रस्ता, क्रमांक १००. म्हणजे आम्ही शेजारीच की!

तर ही तारीख १८१३ सालची. १६ ते १९ ऑक्टोबर असे चार दिवस या गावाभोवती नेपोलियन एका बाजूला आणि रशिया, प्रशिया, ऑस्ट्रिया, स्वीडन दुसऱ्या बाजूला अशी लढाई झाली. पाच लाखांहून जास्त सैनिक. पहिल्या महायुद्धापर्यंत युरोपात एवढी मोठी लढाई झाली नव्हती. नेपोलियन हरला आणि ऱ्हाईनपलीकडे गेला. शंभर वर्षांनी, १८ ऑक्टोबर १९१३ ला, स्मारकाचं उद्घाटन झालं. जर्मन नाव फ्योल्करश्लाख्टडेंकमाल. जीभ वळत नसेल तर गावातले लोक 'फ्योल्की' म्हणतात, तेच म्हणा.

परीक्षा संपली तेव्हा एका रविवारी चालत गेले. माझी रूममेट पोलिश आहे. तिला चल म्हटलं तर म्हणाली, "तळ्यापर्यंत येते. आत नाही येणार." कारण विचारलं तर म्हणाली, आमची माणसं दुसऱ्या बाजूला होती. दोनशे वर्षांपूर्वीच्या लढाईत मुलगी बाजू धरून बसली होती. मला आधी हसू आलं.

वाटेत डाव्या-उजव्या हाताला जुन्या जत्रेचं मैदान लागतं. जत्रा म्हणजे व्यापारी मेळा, त्यासाठी लाइपझिग शेकडो वर्षं प्रसिद्ध. तिथल्या सोव्हिएत मंडपाच्या सुळक्यावर अजून तारा आहे. तो ओलांडून पुढे गेलं की झाडं संपतात आणि एकदम ते समोर येतं.

उंची ९१ मीटर. पण उंचीपेक्षा वजन जाणवतं. तीन लाख टन म्हणतात. आत काँक्रीट, बाहेरून काळसर दगड. दारावर मुख्य देवदूत मिखाएल चिलखत घालून उभा, डोक्यावर 'देव आमच्याबरोबर' अशी अक्षरं, आणि वर कड्याला तलवारींवर हात टेकून उभे असलेले बारा पहारेकरी. समोर लांबलचक तळं, त्याला 'अश्रूंचं तळं' म्हणतात. वारा नव्हता, त्यामुळे तळ्यात दुसरं स्मारक उलटं दिसत होतं. रूममेट काठावर बसली, बॅगेतून सफरचंद काढलं आणि म्हणाली, जा तू.

आत पहिल्यांदा लागतं ते तळघर. अर्धवट अंधार, गोलाकार भिंतीशी मृत्यूचे आठ प्रचंड मुखवटे, आणि प्रत्येकाजवळ दोन-दोन दगडी शिपाई मान खाली घालून उभे. एकूण सोळा. इतकं सगळं पाहून वाटतं की मध्ये कुणाची तरी कबर असेल. नाहीये. इथे कुणालाच पुरलेलं नाही.

वरच्या दालनात चार अवाढव्य पुतळे, प्रत्येकी साडेनऊ मीटर: शौर्य, श्रद्धा, लोकशक्ती, त्याग. लोकशक्ती म्हणजे दोन बाळांना पाजणारी आई. आईच्या पायाचं नुसतं बोट माझ्या डोक्याएवढं. वर घुमटात तीनशे चोवीस घोडेस्वार कोरलेत, जवळपास खऱ्या मापाचे, पण खालून मुंग्यांची रांग वाटते. मी हळूच एक टाळी वाजवली. आवाज वर गेला आणि परत यायचं नावच घेईना. सातपर्यंत मोजलं, तेवढ्यात एक शाळेची सहल आली आणि चाळीस पोरांनी एकदम आरोळी ठोकली. कानठळ्या म्हणजे काय ते तिथे कळलं.

पायथ्यापासून माथ्यापर्यंत पाचशे पायऱ्या. मधल्या मजल्यापर्यंत लिफ्ट आहे, पण मिरजेची पोर लिफ्टने गेली असं कुणी म्हणायला नको. शेवटचा जिना इतका अरुंद की पाठीवरची सॅक पोटावर घ्यावी लागली. वरून सगळं सपाट मैदान दिसतं. इथे डोंगर नाही, दरी नाही, लपायला काही नाही.

खरं सांगू? वर उभं राहून भारावून जायला हवं होतं, तसं झालं नाही. इतका दगड, आणि तो कुणाबद्दल बोलतोय तेच कळेना.

परतीच्या वाटेवर आम्ही रशियन चर्चमध्ये गेलो. हे आमच्या वसतिगृहापासून अगदी जवळ. राष्ट्रीय ग्रंथालयात अभ्यासाला जाताना रोज त्याच्या बाजूने जायचे आणि कांद्याच्या आकाराचा सोनेरी घुमट बघून "छान आहे" म्हणून पुढे व्हायचे. पांढरं, निमुळतं, तंबूसारखं शिखर, ५५ मीटर. मॉस्कोजवळच्या कोलोमेन्स्कोयेच्या जुन्या चर्चवरून याचा आराखडा घेतला, वास्तुविशारद व्लादिमीर पोक्रोव्हस्की. प्रार्थनेची वेळ संपत आली होती. डोक्यावरून ओढणी घेतली. ओढणी परदेशात पहिल्यांदाच कामाला आली. आत बसायला बाकं नसतात, सगळे उभे. समोर अठरा मीटर उंच प्रतिमांची भिंत, अठ्ठ्याहत्तर प्रतिमा. मेण आणि धुपाचा वास. एक आजी हातातल्या कागदावरून नावं वाचत होत्या, बहुतेक घरच्या मेलेल्या माणसांची. खालच्या तळघरात त्या लढाईत पडलेल्या रशियनांच्या शवपेट्या आहेत. खऱ्या.

आणि दाराशी दोन्ही बाजूंना पाट्या, एक रशियनमध्ये, एक जर्मनमध्ये. लढले किती: १,२७,००० रशियन, ८९,००० ऑस्ट्रियन, ७२,००० प्रशियन, १८,००० स्वीडिश. पडले किती: २२,००० रशियन, १६,००० प्रशियन, १२,००० ऑस्ट्रियन, ३०० स्वीडिश. बास. विशेषण नाही, देवदूत नाही. मला तिथे पहिल्यांदा गलबललं. मोठ्या स्मारकाने नुसती गर्जना केली, या छोट्याने सगळ्यांची मोजदाद ठेवली, असं वाटलं.

फोटो खाली जोडलेत. तुमच्यापैकी कुणी तिकडे गेलंय का? किंवा दुसरीकडे असं काही पाहिलंय का?

तिखटमीठ

फोटो दिसत नाहीत. परंपरेप्रमाणे पहिला प्रतिसाद हाच असतो.

लेख आवडला. "पाण्याची टाकी" वाचून फुटलो. पण पाचशे पायऱ्या चढून "भारावले नाही" म्हणजे पायऱ्यांचा अपमान आहे, आम्ही जेजुरीला निम्म्यात भारावतो.

चिंचपान

फोटो आता दिसायला हवेत. अल्बम खाजगी राहिला होता.

बोरूबहाद्दर

उत्तम लेखन. दोन-तीन गोष्टींची भर घालतो.

'फ्योल्करश्लाख्ट' म्हणजे लोकांची, राष्ट्रांची लढाई. पण जर्मनमध्ये 'श्लाख्टेन' म्हणजे खाटकाने जनावर कापणे. एकाच धातूतले शब्द आहेत. नाव ठेवणाऱ्यांना हे ऐकू येत नसेल असं नाही.

स्मारक सरकारने बांधलेलं नाही, हे लक्षात घ्यावं. क्लेमेन्स थीमे नावाच्या लाइपझिगच्या वास्तुविशारदाने १८९४ मध्ये देशभक्तांची एक संघटना काढली आणि वर्गणी व लॉटरीतून पैसा उभा केला. सुमारे ६० लाख मार्क. आराखडा ब्रुनो श्मिट्झचा. १८९८ ला कुदळ पडली, १५ वर्षं काम चाललं. म्हणजे चिंचपान यांना जे "कुणाबद्दल बोलतोय कळेना" वाटलं त्याचं उत्तर तिथेच आहे. १८१३ मध्ये जर्मनी नावाचा देशच नव्हता. तो १८७१ मध्ये झाला, आणि नव्या देशाला जुना जन्मदाखला हवा होता.

आता गंमत बघा. सॅक्सनीचा राजा १८१३ मध्ये नेपोलियनच्या बाजूने होता. लाइपझिग हे त्याचंच शहर. त्याचे काही सैनिक १८ तारखेला भर लढाईत पलीकडे गेले, राजा मात्र नेपोलियनबरोबर राहिला आणि शहर पडल्यावर कैद झाला. १८१५ मध्ये त्याच्या निम्म्याहून जास्त मुलखावर प्रशियाने हात मारला. आणि १९१३ मध्ये त्याच घराण्यातला सॅक्सनीचा राजा, प्रशियाच्या घराण्यातल्या कैसर विल्हेल्म दुसरा याच्या शेजारी बसून या विजयाचं उद्घाटन करत होता! पाहुण्यांमध्ये ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांडही होता. आठ महिन्यांनी सारायेव्होत त्याचा खून झाला, आणि त्यातून पहिलं महायुद्ध पेटलं.

रशियन चर्चचं उद्घाटन १७ ऑक्टोबरला, म्हणजे एक दिवस आधी. दोन्ही देशांनी हातात हात घालून जुन्या मैत्रीचे गोडवे गायले. १ ऑगस्ट १९१४ ला जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं. मध्ये साडेनऊ महिने.

काढा

चिंचपान, अगं छान लिहिलंयस. मी पेशाने डॉक्टर, त्यामुळे मला लढाईपेक्षा लढाईनंतरचे दिवस जास्त दिसतात.

मेंदूच्या कडेला आत दुमडलेला एक भाग असतो, इन्सुला. शरीररचनेच्या पुस्तकात त्याला 'राइलचं बेट' असंही नाव आहे. तो राइल म्हणजे योहान क्रिस्टियान राइल. लढाईनंतर लाइपझिग आणि हालेमधल्या लष्करी रुग्णालयांची जबाबदारी त्याच्यावर होती. जखमी इतके की चर्च, शाळा, गोदामं, जिथे छप्पर मिळेल तिथे माणसं टाकलेली. त्याने वरिष्ठांना लिहिलेला अहवाल प्रसिद्ध आहे. पेंढा नाही, पांघरूण नाही, मलमपट्टी नाही, असं सगळं त्यात येतं. आणि मग आला टायफस, उवांमधून पसरणारा ज्वर. आपल्याकडच्या टायफॉइडशी गल्लत करू नये, दोन्ही वेगळे. राइल स्वतः त्याच तापाने नोव्हेंबर १८१३ मध्ये गेला.

त्याच नोव्हेंबरात लाइपझिगमधला एक पोलीस खात्यातला कारकून याच तापाने गेला. त्याला मे महिन्यात मुलगा झाला होता, म्हणजे बाळ सहा महिन्यांचं. बाळाचं नाव रिखार्ड वाग्नर. पुढे संगीतकार झाला तोच.

पाटीवरच्या "पडले" या आकड्यात हे कुणी धरलेले नसतात. ताप, कुजलेल्या जखमा, आणि ज्यांचा लढाईशी संबंधच नव्हता असे गावकरी. माझ्या दृष्टीने लढाई १९ ऑक्टोबरला संपलीच नाही.

सांजवेळ

मी हालेला राहते, बावीस वर्षं झाली. लाइपझिग रेल्वेने अर्ध्या तासावर. पाहुणा आला की फ्योल्की दाखवणं हे आमचं ठरलेलं कर्तव्य आहे, त्यामुळे किती वेळा गेले ते मोजणं सोडलंय.

पण चिंचपान, एक विचारू का? तू लिहिलंस की चर्चने "सगळ्यांची मोजदाद ठेवली". पाटीवर फ्रेंच किती लिहिलेत?

चिंचपान

सांजवेळताई, तुमचा प्रश्न वाचून पोटात गोळा आला. रात्री फोटो मोठा करून पुन्हा पाहिला, आणि आज सकाळी ग्रंथालयात जाताना पाटीसमोर परत उभी राहिले.

फ्रेंच नाहीत. पोलिश नाहीत. सॅक्सनही नाहीत, म्हणजे ज्या गावात पाटी आहे त्याच गावची माणसं नाहीत. सगळी बेरीज जिंकलेल्यांची. ५०,३००. आणि मी मोठ्या दिमाखात लिहून मोकळी झाले "सगळ्यांची".

मूळ लेखात दुरुस्ती करत नाही. चूक आहे तशी राहू दे.

रूममेटला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मी तुझ्याबरोबर पाटी वाचली होती. तू एवढी भावुक झाली होतीस, म्हणून गप्प बसले."

खडकीकर

चिंचपान बाळ, शाब्बास. चूक तशीच ठेवलीस हे आवडलं. आमच्याकडे यालाच लॉगबुक म्हणतात, खाडाखोड करायची नसते.

मी निवृत्त सॅपर. बॉम्बे सॅपर्स, खडकी. पूल बांधणं आणि पूल उडवणं यात उमेदीची वर्षं गेली. तेव्हा तुझ्या रूममेटच्या माणसांचं काय झालं ते मी सांगतो, कारण तो सगळा पुलाचा मामला आहे.

१९ ऑक्टोबर. नेपोलियन मागे हटतोय. गावाच्या पश्चिमेला एल्स्टर नदी आणि कालव्यांचं जाळं, आणि सगळ्या फौजेला बाहेर पडायला जवळजवळ एकच वाट, एकच पूल. शहाण्या सॅपरने आदल्या रात्री दोन-तीन जादा पूल टाकून ठेवले असते. नीट टाकले नाहीत. पुलाखाली सुरुंग पेरला, शेवटचा माणूस पार झाला की उडवायचा. जबाबदारी एका कर्नलवर, माँफोर नाव. हा गृहस्थ पिछाडी नक्की कुठवर आली हे विचारायला पुढे गेला, आणि पुलावर ठेवला कोण? एक कॉर्पोरल, आपल्याकडचा नाईक. सोबत जळती वात आणि हुकूम : शत्रू दिसला की पेटव.

दुपारी एकच्या सुमारास झाडीतून रशियन बंदुकबाज दिसले. कॉर्पोरलने वात लावली. पुलावर त्या वेळी आपलीच माणसं होती, आणि पलीकडे हजारो अजून यायची होती.

नेपोलियनच्या पत्रकात दोष कर्नल आणि कॉर्पोरलवर टाकला. मी चाळीस वर्षांच्या नोकरीनंतर सांगतो, त्या कॉर्पोरलने हुकूम पाळला. पूल उडवायचा निर्णय घेणारा माणूस पुलावर हजर असावा लागतो, आणि त्याच्याकडे मागून लेखी निरोप यावा लागतो. हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. 'शत्रू दिसला की' हा हुकूम नव्हे, ही जुगाराची चाल झाली.

अडकलेल्यांत होता पोलिश सेनापती योझेफ पोनियातोव्हस्की. पोलंडच्या शेवटच्या राजाचा पुतण्या. तीनच दिवसांपूर्वी, १६ तारखेला, नेपोलियनने त्याला मार्शल केलं होतं. अंगावर जखमा, घोडा नदीत घातला, समोरचा काठ चढता आला नाही. बुडाला. आता कळलं तुझी मैत्रीण तळ्याकाठी का बसली?

अजून एक. या लढाईत इंग्रजांची एकच तुकडी होती, अग्निबाणांची. कॉन्ग्रीव्ह रॉकेट. कॅप्टन बोग १८ तारखेला पाउन्सडॉर्फ गावापाशी ते सोडताना गोळी लागून मेला. आणि कॉन्ग्रीव्हला ही कल्पना कुठून आली? म्हैसूरहून. श्रीरंगपट्टण १७९९ ला पडलं तेव्हा टिपूचे लोखंडी नळीचे बाण इंग्रजांच्या हाती लागले, ते विलायतेला गेले, तिथे त्यावर काम झालं. म्हणजे तू ज्या गच्चीवरून सपाट मैदान पाहिलंस, तिथे चौदा वर्षांनी आपल्याकडचं बियाणं उगवलं होतं.

तिखटमीठ

काका, दंडवत. पुलावर वेगळा धागा काढा.

मोजदादीवरून आठवलं. पानिपतची बातमी आली ती सावकारी भाषेत: दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोत्ये म्हणजे विश्वासराव आणि भाऊ. शाळेत हे वाचताना "काय भाषा!" म्हणून अंगावर काटा यायचा. आता वाटतं, तो खुर्दा कुणाच्या तरी घरचा होता. त्या मानाने रशियनांनी खुर्दा मोजला तरी. आपला आपला का होईना.

बोरूबहाद्दर

सांकेतिक निरोपात खुर्दा मोजण्याची सोय नसते, तिखटमीठ. तिथे उद्देश बातमी लपवणे हा होता, श्रद्धांजली नव्हे. पण मुद्दा पोचला.

पालकमंत्री_घरचा

अवांतराबद्दल क्षमस्व. मुलीला पुढच्या हिवाळी सत्रासाठी लाइपझिगला प्रवेश मिळतोय. याच रस्त्यावरच्या वसतिगृहासाठी अर्ज कधी करावा? खोलीत थंडी वाजते का?

चिंचपान

प्रवेशपत्र हातात पडलं की त्याच दिवशी अर्ज टाका, रांग मोठी असते. खोलीत थंडी अजिबात नाही, हीटर जोरात चालतो. प्रेशर कुकर आणि लाटणं मात्र पाठवा. स्वयंपाकघर सामायिक आहे, खिडकीतून फ्योल्की दिसेल.

खडकीकर

"दुसरीकडे असं पाहिलंय का" या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं. फ्रान्समध्ये नव्ह शापेल नावाचं गाव आहे. पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवर पडलेल्या आणि कबर न मिळालेल्या भारतीय सैनिकांचं स्मारक तिथे आहे, १९२७ सालचं. गोल भिंत, पुढच्या बाजूला खांब, खांबावर कमळ. भिंतीवर ४,७०० हून जास्त नावं. २८ ऑक्टोबर १९१४ ला आमच्या खडकीच्या २० आणि २१ नंबर कंपन्या त्या गावात घुसल्या. खंदक खणणारी, पूल बांधणारी माणसं, त्यांना पायदळासारखं वापरलं. त्या एका दिवसात कंपन्यांमधला एकही इंग्रज अधिकारी धड राहिला नाही, मेला किंवा जखमी झाला. जवानांचं काय झालं ते भिंतीवर वाचावं.

मी आणि सौ. गेलो होतो. सौ. चष्मा लावून एकेक नाव बोटाने वाचत गेली. मी म्हटलं, बस सुटेल. ती म्हणाली, "सुटू दे. यांना वाचायला इथवर येतं कोण?"

काढा

काका, हा प्रतिसाद वेगळा साठवून ठेवलाय.

सांजवेळ

चिंचपान, तुला कोड्यात पकडलं म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. मलाही ती पाटी नीट वाचायला सात-आठ खेपा लागल्या.

फ्योल्कीबद्दल एक गोष्ट राहिली. एप्रिल १९४५. अमेरिकन सैन्य लाइपझिगमध्ये शिरलं तेव्हा एक जर्मन कर्नल काही शेकडो माणसं आणि काही अमेरिकन कैदी घेऊन स्मारकात जाऊन बसला. बाहेरून तोफा डागल्या. दगडाला काही फार झालं नाही. शेवटी एक अमेरिकन कॅप्टन पांढरं निशाण घेऊन आत गेला आणि तासन् तास बोलत बसला. हान्स ट्रेफूस, मूळचा फ्रांकफुर्टचा ज्यू मुलगा, नाझींच्या काळात देश सोडावा लागलेला. त्याने मातृभाषेत वाद घालून त्यांना बाहेर काढलं. तो पुढे इतिहासाचा प्राध्यापक झाला. पाहुण्यांना मी पुतळ्यांपेक्षा ही गोष्ट आधी सांगते. त्या इमारतीत झालेली एवढी एकच गोष्ट मला पूर्ण पटते.

आणि तुझ्यासाठी एक काम. पुढच्या सुट्टीत आपेलचे दगड शोध. टेओडोर आपेल नावाचा लाइपझिगचा लेखक, तरुणपणी वाग्नरचा दोस्त. घोड्यावरून पडला आणि त्यात त्याची दृष्टी गेली. या आंधळ्या माणसाने १८६१ पासून पदरचे पैसे घालून रणभूमीवर दगड उभे करायला सुरुवात केली. कुठे कोणाची फौज होती, सेनापती कोण, किती माणसं, एवढंच दगडावर. नेपोलियनच्या बाजूच्या दगडावर 'एन', त्याच्याविरुद्धच्या दोस्त राष्ट्रांच्या दगडावर 'व्ही'. नंतर इतरांनी भर घालून ते पन्नास झाले. शहर वाढलं, आता ते फुटपाथवर, शेताच्या बांधावर, पेट्रोल पंपाशेजारी सापडतात. मोठ्या स्मारकाच्या आधी पन्नास वर्षं.

तिखटमीठ

आंधळ्या माणसाने दोन्ही बाजू पाहिल्या, असं काही लिहिणार होतो. पण ते फारच नाटकी होईल, म्हणून लिहीत नाही.

बोरूबहाद्दर

लिहिलंतच.

चिंचपान

तीन आठवड्यांनी परत येतेय. मध्ये प्रोजेक्ट होता.

काल ट्रामने नदीच्या बाजूला गेलो, मी आणि रूममेट. आधी पोनियातोव्हस्कीच्या स्मारकाशी. छोटंसं आहे, रस्त्याच्या कडेला, पटकन लक्षातही येणार नाही. कुणीतरी पांढऱ्या-लाल फितीचा हार ठेवला होता, पावसाने भिजलेला. तिने तो सरळ केला. खडकीकरकाका, तुमची पुलाची गोष्ट मी तिला मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगितली. तिला बुडालेला सेनापती शाळेपासून माहीत होता, कॉर्पोरल माहीत नव्हता. "त्याचं नाव काय होतं?" म्हणाली. मी म्हटलं, काकांना विचारते.

मग सांजवेळताईंचे दगड. नकाशावरून दिवसभरात चारच सापडले. दोन 'एन', दोन 'व्ही'. एक 'एन' वाला तर चक्क सायकल लावायच्या दांडीशेजारी, त्याला कुणीतरी सायकल साखळीने बांधली होती. मी फोटो काढायला थांबले तर सायकलवाला आला, त्याला वाटलं मी त्याच्या सायकलचा फोटो काढतेय. त्याला दगड दाखवला. तीन वर्षं रोज इथे सायकल लावतो म्हणाला, खाली वाकून अक्षरं वाचली आणि साखळी सोडवून सायकल पलीकडच्या खांबाला लावली.

फोटो जोडलेत. या वेळी अल्बम उघडा आहे.

तिखटमीठ

फोटो दिसले!

खडकीकर

बाळ, कॉर्पोरलचं नाव मला ठाऊक नाही. मैत्रिणीला सांग, काका शोधतायत.